चव कुणी बघायची

पहिली वडी कढईत पडली तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि माझा पाय एका जागी ठरत नव्हता. मंडपात जायचं, तिथून माइकची वायर बघायची, तिथून पाण्याचे पिंप, आणि पुन्हा शाळेच्या मागच्या खिचडीघरात. सरूबाई वायदंडे कढईसमोर पाटावर बसून एकेक वडी सोडत होत्या. त्यांची जाऊ शेजारी वाफवलेले उंडे कापत होती.

"बाई, बसा की एका जागी," सरूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "तुमच्या येरझाऱ्यांनी माझं त्याल निवतंय."

मी बसले आणि लगेच उठले. स्वभावच तसा. वर्गात शिकवतानासुद्धा मी फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत चालत असते, मुलं मला पाठीमागे लंबक म्हणतात हे मला माहीत आहे. पण त्या दिवशीची अस्वस्थता स्वभावातली नव्हती. तिचं कारण मला सकाळपासून ठाऊक होतं आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते.

याला आता सोळा वर्षं झाली. आमच्या कुरणवाडीच्या हायस्कूलचा सुवर्णमहोत्सव होता. मुलं, पालक, माजी विद्यार्थी मिळून तेराशे माणसं. मी तेव्हा विज्ञान शिकवणारी शिक्षणसेवक, तिसरं वर्ष, जूनमध्ये कायम होणार की नाही ते ठरायचं होतं. म्हणून कुठलंही काम माझ्याकडे यायचं आणि मी ते नाकारत नसे. महिनाभर आधी मुख्याध्यापक पिसाळ सरांनी बैठक घेतली आणि खाण्याच्या अटी सांगितल्या. पत्रावळ नको, वाटी नको, चमचा नको. मुलं जमिनीवर बसणार, तेव्हा नव्या गणवेशावर डाग पडेल असं काही नको. हातात धरून खाता आलं पाहिजे, सकाळी केलेलं संध्याकाळपर्यंत टिकलं पाहिजे आणि स्वस्त पाहिजे. स्वस्त हा शब्द ते तीनदा बोलले. जिलबी हाताला चिकटते म्हणून बाद झाली, भेळ सांडते म्हणून बाद झाली, वडापावाचे एवढे पाव आणायचे कुठून म्हणून तोही गेला. फेब्रुवारी होता, आठवडी बाजारात कोथिंबिरीच्या जुड्या अक्षरशः पायाखाली येत होत्या. मी म्हटलं, कोथिंबीर वडी करू. सगळ्यांना पटलं, आणि आमच्या शाळेच्या रिवाजाप्रमाणे जिनं सुचवलं तिच्याच गळ्यात काम पडलं.

"करणार कोण पण?" पिसाळ सरांनी विचारलं.

"सरूबाई आहेत ना," मी म्हटलं. "रोज तीनशे मुलांची खिचडी एकट्या करतात."

पिसाळ सर पंख्याकडे बघत राहिले. पंखा बंद होता.

सरूबाई ओढ्यापलीकडच्या मातंग वस्तीत राहायच्या. सहा वर्षं त्या शाळेतली खिचडी शिजवत होत्या आणि बहुतेक मुलं मिटक्या मारत खात होती. पण वीस-पंचवीस मुलं घरून डबा आणायची. विचारलं की पोटाचं कारण सांगायची. एकाच भावकीतल्या सगळ्या मुलांची पोटं कशी काय नाजूक, हे आम्ही शिक्षक आपापसातही विचारत नसू. रोजच्या खिचडीचं एकवेळ चालत होतं. पण महोत्सवाला सगळा गाव खायला बसणार होता.

दोन दिवसांनी संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब शाळेत आले. आवाज कधी न चढवणारा माणूस. म्हणाले, सरूबाईंच्या हाताला काही हरकत नाही, कष्टाळू बाई आहे, निवडणं, चिरणं, वाफवणं, तळणं सगळं तिलाच करू दे. फक्त मसाला आमच्या मालनवहिनी घालतील, त्या तिथं उभ्या राहतील, म्हणजे लोकांना सांगायला बरं. आणि सरस्वतीला नैवेद्य दाखवल्याशिवाय चव कुणी बघायची नाही. आपल्याकडची रीतच आहे ती.

रीत होतीच. माझ्या घरीसुद्धा सत्यनारायणाचा शिरा आई चव न बघता करायची आणि तो कधी बिघडला नाही. त्यामुळे हे कारण मला इतकं सोयीचं वाटलं की मी मान हलवून मोकळी झाले. जाता जाता आबासाहेब आणखी एक बोलले. मालनवहिनींचा बचत गट जूनपासून शाळेची खिचडी घ्यायला तयार आहे. ठरलेलं काही नाही. महोत्सव कसा होतो ते बघू, बाई चांगलं करून दाखवतात का ते बघू, मग ठरवू.

म्हणजे सरूबाईंची चूल त्या एका दिवसावर टांगलेली होती. नवरा अंथरुणाला खिळलेला, घरात दुसरी मिळकत नाही. हे त्यांना कळत होतं, मला कळत होतं, आणि त्यांना ते अर्धंमुर्धं सांगायचं काम माझ्याकडे होतं.

मी त्यांना गाठलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. तिखटमीठ सगळं मालनकाकू घालतील, तुम्ही त्याला हात लावू नका. आणि नैवेद्य आहे, तेव्हा चव बघू नका.

त्यांचा हात सुपावर थांबला. "मसाला घालू द्या त्यांना, ब्येस हाय," त्या म्हणाल्या. "मीठ तेवढं मी घालते बाई. येवढ्या पिठाचा अदमास मला हाय. त्यांना न्हाई यायचा."

"नको, सरूबाई. ठरलंय तसंच करू."

त्यांनी माझ्याकडे वर बघितलं आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. नैवेद्याचं मी सांगितलं ते त्यांना किती पटलं, हे त्या बघण्यातच मला समजलं होतं.

मालनकाकूंना सांगताना तर माझी जीभ आणखीच आखडली. त्या बाई वाईट नव्हत्या. दारात गेलं की चहा घेतल्याशिवाय सोडत नसत. पण त्यांच्या घरात बसून 'ती मिठाला हात लावणार नाही' हे वाक्य उच्चारायचं म्हणजे जे कुणी बोलत नव्हतं ते मलाच बोलावं लागलं असतं. मी म्हटलं, "काकू, मसाला तुमच्या हातचा घाला." त्या खूश झाल्या. "घरचाच आणते," म्हणाल्या. एवढंच आमचं बोलणं झालं.

महोत्सवाच्या दिवशी काकू सकाळी सहाला मोठा डबा घेऊन आल्या. तिखट, हळद, धणेजिरे, तीळ, ओवा, सगळं एकत्र करून आणलेलं. डाळीच्या पिठाच्या आणि चिरलेल्या कोथिंबिरीच्या पाच पराती समोर मांडलेल्या होत्या, त्यांत त्यांनी हातानं मसाला टाकला, तासभर पदर खोचून उभ्या राहिल्या आणि मग पैठणी नेसायला घरी गेल्या. सरूबाईंनी आणि त्यांच्या जावेनं पीठ मळलं, उंडे केले, वाफवले. मी आतबाहेर करत होते. एकदा आत आले तेव्हा सरूबाई पिठात पाण्याचा शिपका मारत होत्या. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलतील असं वाटलं मला. त्याच वेळी बाहेरून पिसाळ सरांनी 'शिराळकर बाई' अशी हाक मारली आणि मी पळाले.

एक वाजला. निम्म्याहून जास्त वड्या तळून झाल्या होत्या. धुतलेल्या धोतरांवर त्यांचे ढीग लागले होते आणि वास पार रस्त्यापर्यंत गेला होता. मी पहाटेपासून चहावर होते. ढिगाच्या कडेला एक मोडकी वडी पडली होती. मी इकडेतिकडे बघितलं, पाठ फिरवली आणि ती तोंडात टाकली.

तिला मीठच नव्हतं.

आधी वाटलं, माझ्या तोंडाची चव गेलीय. दुसऱ्या ढिगातली घेतली. मग तिसऱ्या. खमंग, कुरकुरीत आणि पार अळणी. काकूंना वाटलं असणार की मीठ कोथिंबिरीला आधीच लावलंय, स्वयंपाक करणाऱ्या बाईनं मीठ लावलं नाही असं कुणाच्या डोक्यात येईल? आणि सरूबाईंना मी बजावून ठेवलं होतं. दोघींना दोन वेगळी वाक्यं सांगणारी मी होते. तीन वाजता कार्यक्रम सुरू होणार, पाचला वाटप, आणि पहिला घास घेतल्याबरोबर तेराशे माणसांना एकच विचारायचं सुचणार होतं की ह्या केल्या कुणी.

मी सरूबाईंच्या शेजारी उकिडवी बसले. "सरूबाई, वड्यांत मीठ नाहीये."

"ठाव हाय," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"सकाळपासनं. मीठ पडलं की कोथमिरीला पानी सुटतंय, बाई. आज पीठच पानी मागाय लागलं."

"मग बोलला का नाहीत?" माझा आवाज चिरकला. त्यांच्यावर ओरडायचा मला काडीचा हक्क नव्हता, तरी मी ओरडले.

त्यांनी झाऱ्यानं वड्या निथळल्या, काढल्या, ढिगावर टाकल्या. मग म्हणाल्या, "हात लावू नगा म्हनलासा. चव बघू नगा म्हनलासा. आता न बघता कळलं ही माझी चूक व्हय? अन् बोलले असते तर काय म्हनले असते लोक, की हिनंच काढलं मीठ, ठरवून."

मी उठले, परत बसले. वरून मीठ भुरभुरायचं म्हटलं तर कोरडं मीठ थंड वडीवर थांबत नाही, खाली गळतं. पुन्हा मळायला वेळ नाही. बाजारातून दुसरं काही आणायचं तर ते येणार कधी. काकूंना बोलवावं का, या विचारानं मी दारापर्यंत गेले. त्या आल्या की चूक कुणाची हे पहिलं ठरलं असतं, आणि कुणाची ठरली असती ते मला दिसत होतं.

"चटनी करावी लागंल," पाठीमागून सरूबाई म्हणाल्या. "शेंगदान्याची, कोरडी, लसूण घालून, मीठ चढं. वडी गरम असतानाच त्यात घोळवायची. तळल्याल्या पुन्यांदा तेलात बुडवून काढू, मग चिकटंल. पर उखळ हितं न्हाई. उखळं आमच्या वस्तीत हायत."

त्या थांबल्या. पुढचं वाक्य माझ्यासाठी सोडलं होतं त्यांनी. वस्तीतल्या उखळात, वस्तीतल्या बायकांनी कुटलेली चटणी, आणि ती सरस्वतीच्या नैवेद्याला, आबासाहेबांच्या हातात, त्या नाजूक पोटांच्या सगळ्या भावकीत. मी घड्याळाकडे बघितलं. माझं कायम होणं, त्यांची चूल, सगळं त्या काट्याबरोबर डोळ्यांपुढून सरकून गेलं.

"करा," मी म्हटलं.

त्यांची जाऊ सुरी टाकून ओढ्याच्या वाटेनं पळतच गेली. पाऊण तास मी मरणाच्या फेऱ्या मारल्या. कुणी खिचडीघराकडे वळलं की आडवी जाऊन मंडपाचं काहीतरी काम सांगायची. पिसाळ सर स्वतः एकदा वास घेत आले, त्यांना मी सांगितलं की पाहुण्यांचे हार अजून आलेले नाहीत. हार सकाळीच आले होते. सव्वादोनला ओढ्याच्या अंगानं तीन बायका येताना दिसल्या, प्रत्येकीच्या डोक्यावर फडक्यानं झाकलेली पाटी. फडकी काढली तशी लसणाचा आणि भाजक्या शेंगदाण्याचा वास खिचडीघरभर पसरला.

पहिला घाणा घोळवून झाला. लालसर चटणी वडीला सगळीकडून धरून बसली होती. मी एक उचलली आणि सरूबाईंपुढे धरली. "चव बघा."

"निवेद दावायचा हाय अजून."

"बघा म्हणते ना."

"न्हाई बाई. तुम्हीच म्हनलासा."

मी ती वडी मोडली, अर्धी स्वतः खाल्ली आणि उरलेली अर्धी तशीच त्यांच्यापुढे धरून राहिले. त्यांनी दाराकडे एकदा बघितलं, मग माझ्या हातातून ती घेतली, तोंडात टाकली आणि डोळे मिटून चावली. त्या बायकांपैकी कुणी हललं नाही.

"चिमूटभर कमी हाय," त्या म्हणाल्या. मग त्यांनी स्वतः उठून बरणीत हात घातला आणि पाटीत मीठ टाकलं. एका अंदाजात. पुन्हा चव बघितली नाही.

मी म्हटलं, "सरूबाई, आज माइकवर मी तुमचं नाव घेणार."

"नगा घिऊ," त्या तेल बघत म्हणाल्या. "कुनाकुनाच्या हातातली वडी हातातच ऱ्हाईल. अन्न हाय ते. खाऊ द्या सगळ्यांना."

तीन वाजता सरस्वतीच्या तसबिरीपुढे चांदीच्या ताटलीत पाच वड्या ठेवल्या गेल्या. आबासाहेबांनी पाणी फिरवलं. मी हात जोडून उभी होते आणि डोळे मिटायची हिंमत होत नव्हती. मग भाषणं झाली, सत्कार झाले, मुलींचे नाच झाले. सूत्रसंचालन माझ्याकडेच होतं. पाच वाजता वाटप सुरू झालं आणि मी व्यासपीठावरून माणसांची तोंडं बघत राहिले. हातात दोन-दोन वड्या, बोटांना लागलेली चटणी, बोटं चाटणं. पुढच्या रांगेत आबासाहेबांनी दोन संपवून तिसरी मागितली. घरून डबा आणणारी सातवीतली एक मुलगी मैत्रिणीच्या हातातली अर्धी ओढून घेत होती. एकही वडी कुणाच्या हातात राहिली नाही. वड्या कुणी केल्या, वड्या कुणी केल्या, असं खालून सगळीकडून ऐकू यायला लागलं.

तेवढ्यात पिसाळ सरांनी माझ्या हातात चिठ्ठी सरकवली. आबासाहेबांच्या अक्षरात होती. रुचकर अल्पोपाहाराबद्दल सौ. मालनताई आणि त्यांच्या महिला बचत गटाचे आभार मानावेत.

मंडपाच्या टोकाला, खिचडीघराच्या दारात सरूबाई उभ्या होत्या. हातात झारा तसाच. एवढ्या लांबून चेहरा दिसत नव्हता. माइक माझ्या हातात होता, तेराशे माणसं खाऊन तृप्त झालेली होती आणि खाऊन झालेलं आता कुणी परत काढणार नव्हतं. नाव घ्यायला याहून चांगली वेळ मला आयुष्यात मिळाली नसती. त्या नको म्हणाल्यात, असं मी मनात म्हटलं. मग चिठ्ठी वाचली. टाळ्यांचा कडकडाट झाला. मालनकाकू पैठणीचा पदर सावरत उठल्या आणि त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला. नंतर मला भेटून म्हणाल्या, "वरून चटणी लावायचं तुझ्या बरं डोक्यात आलं गं."

मी हसले. काय हसले कोण जाणे.

जूनमध्ये मी कायम झाले. त्याच आठवड्यात खिचडीचं काम मालनकाकूंच्या बचत गटाकडे गेलं. ज्यांनी महोत्सवात एवढं चांगलं करून दाखवलं त्यांना ते देणं रास्तच आहे, असं संस्थेच्या बैठकीत सर्वांचं मत पडलं. मी त्या बैठकीत बसले होते.

खिचडीघराचं सामान ताब्यात घ्यायला मलाच पाठवलं. सरूबाईंनी सगळं घासूनपुसून मांडून ठेवलं होतं. पातेली, पराती, झारा, डाव. मी एकेक बघत फिरत होते. कागदावर खुणा करायच्या होत्या तर पेन सापडेना. शेवटी न राहवून बोलले, "सरूबाई, त्या दिवशी मी नाव घेणार होते. तुम्हीच नको म्हणालात."

त्या रागावल्या नाहीत. पदराला हात पुसत त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं.

"मीठ मला घालू द्या म्हनलं हुतं, त्ये न्हाई ऐकलंसा," त्या म्हणाल्या. "नाव घिऊ नगा म्हनलं, त्ये लगीच ऐकलंसा."

फळीवर फक्त मिठाची बरणी राहिली होती. त्यांनी ती उतरवली. मी दोन्ही हात पुढे केले.

"हातात नगं," त्या म्हणाल्या. "मीठ हातात दिलं की भांडान हुतंय."

"होऊ दे," मी म्हटलं. मनापासून म्हटलं. त्यांनी मला चार शब्द सुनवावेत, माझ्यावर ओरडावं, एवढंच मला त्या क्षणी हवं होतं. हात मी तसेच पुढे धरून ठेवले.

त्यांनी बरणी ओट्यावर ठेवली, झाकण घट्ट बसलंय का ते बघितलं, आणि चपला घालून ओढ्याच्या वाटेला लागल्या.